भागीदारी करा, पण कडबा कोण मोजणार?

दुधनाकाठ: काल इथे 'काळीमाती' यांनी लिहिलं, "बाहेरच्या पैशाच्या संशोधन भागीदाऱ्या बंद करा, हवामान बदलाला आजीचं बियाणं पुरेसं आहे." वाचून डोकं फिरलं. धनशक्ती बाजरी आली कुठून? इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था आणि राहुरीचं कृषी विद्यापीठ एकत्र आले म्हणून 2012 मध्ये जास्त लोहाचा वाण मिळाला. 2018 ची परभणी शक्ती ज्वारीही इक्रिसॅट आणि परभणी विद्यापीठाचीच. पोकरात, म्हणजे राज्याच्या हवामानाला तोंड देणाऱ्या शेतीच्या प्रकल्पात, आयआयटी मुंबईच्या मदतीने पाण्याचा ताळेबंद मांडला, तेव्हा आमच्या गावाला कळलं की पाऊस किती मुरतो, किती वाहून जातो. हे आजीच्या बियाण्याने कळलं असतं?

काळीमाती: राहीबाई पोपेरेंनी अकोले तालुक्यात वाण जपले, पद्मश्री मिळाली. कुठला करार केला होता त्यांनी?

दुधनाकाठ: त्यांच्या बियाणे बँकेला बायफ या ग्रामविकास संस्थेची साथ होती. ती भागीदारी नाही तर काय?

मोहोळवाला: लोह-जस्त ठीक आहे हो, पण कडब्याचं कोण बोलणार? 1964 ला सीएसएच-1 संकरित ज्वारी आली. वडील सांगायचे, कणगी भरली पण बैल दावणीला उपाशी, कारण ताट जेमतेम कमरेएवढं. आपली जुनी रब्बी ज्वारी, मालदांडी, डोक्याच्या वर जाते. मागच्या रब्बीत मी अर्ध्या एकरात प्रात्यक्षिकाचं नवं बियाणं पेरलं. मोजणीला पोरगा आला, चौरस मीटरची चौकट टाकली, कणसं कापून वजन केली आणि ताटं बांधावर टाकून निघून गेला. संध्याकाळी दोन्ही पेंढ्या म्हशीपुढे टाकल्या. नवी हुंगून बाजूला सारली, मालदांडीची बुडख्यासकट खाल्ली. दुष्काळात माझं घर दुधावर चालतं, दाण्यावर नाही.

सीनामाय: म्हशीला विचारलंत, आम्हाला कधी विचारणार? मालदांडी उपटते कोण? आम्ही बायका. तीन दिवसांत तळहाताची सालं निघतात, रात्री भाकरी थापताना पीठ झोंबतं. आता त्या कामाला मजूरही मिळत नाही. बुटकी ज्वारी हार्वेस्टरने निघत असेल तर मला तीच हवी.

मोहोळवाला: हार्वेस्टरने कडब्याचा भुगा होतो. मग चारा विकत घ्या!

सीनामाय: मग तुम्ही या उपटायला. आवाज चढवू नका.

प्रक्षेत्र: मी विद्यापीठात संशोधन सहायक होतो. कडबा मोजत नाहीत हे साफ खोटं आहे. वाणाच्या चाचणीत दाणा आणि कडबा, दोन्हींची नोंद होते.

मोहोळवाला: माझ्या बांधावर ताटं पडलेली होती. ती खोटी का?

प्रक्षेत्र: तुमच्याकडे चूक झाली, मान्य. शेतकऱ्याच्या रानात मोजणी घाईत उरकली जाते. आमच्या प्रकल्पाला तीन वर्षांचा निधी होता, त्यातलं एक वर्ष पावसाने खाल्लं. पण म्हणून भागीदारीच नको म्हणणं मला पटत नाही.

काळीमाती: बरं, "बंद करा" हे मागे घेतो, तेवढंच. पण करार करतानाच ठरवा की कडबा मोजला जाईल, काढणीचे मजूर-दिवस मोजले जातील आणि आकडे गावाला परत मिळतील. आमच्या शिवारातले आकडे आम्हालाच दिसत नाहीत, माझा राग त्यावर आहे.

सीनामाय: मजूर-दिवस लिहाल तेव्हा बाईचे वेगळे लिहा.

मोहोळवाला: हे बरोबर आहे. पुढच्या रब्बीला माझा अर्धा एकर घ्या. ताटं तोलणार असाल तरच या, काटा माझ्याकडे आहे.