नियमबदलांचे अलर्ट: सगळे माणसासमोर यावेत की गाळून यावेत?

मुदतपाळ

गेली नऊ वर्षं कंप्लायन्समध्ये, म्हणजे कंपनी नियम पाळते की नाही हे बघणाऱ्या विभागात, काम करते आहे. नियमबदलांचे अलर्ट देणारं सॉफ्टवेअर आमच्याकडे आलं, तेव्हा काही सुटायला नको म्हणून आम्ही सगळे स्रोत चालू ठेवले. नियामकांची परिपत्रकं, मसुदे, दंडाचे आदेश, अधिकाऱ्यांची भाषणं, झाडून सगळं. वर्षभरात टीमच्या हाताला एक सवय लागली: अलर्ट उघडायचा, शीर्षक वाचायचं, 'लागू नाही' दाबायचं, पुढचा उघडायचा. त्याच ओघात एक दिवस आम्हाला पुरेपूर लागू असलेलं परिपत्रकही 'लागू नाही' होऊन गेलं. बटण दाबणारी सहकारी टीममधली सगळ्यात काटेकोर. चूक सापडली ती थेट ऑडिटमध्ये. त्या दिवशीचा तिचा चेहरा मला अजून आठवतो, आणि दोष तिचा नव्हता असं मी तेव्हाही लेखी दिलं होतं.

कारखान्यांच्या कंट्रोल रूमने हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. २४ जुलै १९९४ रोजी वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट झाला. आधीच्या शेवटच्या ११ मिनिटांत ऑपरेटरांपुढे २७५ अलार्म आले होते, असं चौकशीत निघालं. एवढ्या गलक्यात कामाचा अलार्म कुठला, हे कोण ओळखणार?

म्हणून माझं ठाम मत: गाळणी कडक हवी आणि ती माणसाच्या आधी हवी. आपले परवाने कुठले, उत्पादनं कुठली, कुठल्या देशांत काम चालतं, हे सॉफ्टवेअरला एकदा नीट सांगायचं. त्यात न बसणारं काही टीमच्या रांगेत येताच कामा नये.

तळटीप

पूर्ण असहमत. गाळणीला कंपनी आज काय करते तेवढंच कळतं. सगळ्यात जोराचा फटका बसतो तो आपण जिकडे बघतच नव्हतो तिकडून.

१६ जुलै २०२० आठवा. युरोपीय संघाच्या न्यायालयाने 'श्रेम्स २' निकालात प्रायव्हसी शील्ड रद्द केली. युरोपातला वैयक्तिक डेटा अमेरिकेत पाठवायला हजारो कंपन्या तिच्यावर विसंबून होत्या. सवलतीचा एक दिवससुद्धा मिळाला नाही. हा बदल कुठल्या नियामकाच्या परिपत्रकातून आला नाही, एका खटल्याच्या निकालातून आला. आमच्या तेव्हाच्या सेटिंगमध्ये न्यायालयं हा स्रोतच बंद होता, कारण 'त्यातलं काही आपल्या कामाचं नसतं' असं कोणीतरी दोन वर्षांपूर्वी ठरवलं होतं. आम्हाला ही बातमी एका ग्राहकाच्या ईमेलमधून कळली.

नको असलेला अलर्ट वाचायला दोन मिनिटं जातात. हवा असलेला सुटला तर दंड भरावा लागतो. आणि 'सॉफ्टवेअरने सांगितलंच नाही' हे उत्तर कुठलाही तपासणी अधिकारी ऐकून घेत नाही.

मुदतपाळ

दोन मिनिटांचा हिशेब कागदावर बरा दिसतो. दिवसाला साठ अलर्ट धरले तर रोजचे दोन तास, आणि दुसऱ्या तासातलं वाचन पहिल्या तासासारखं राहत नाही. माझ्या सहकारीनेही ते परिपत्रक 'वाचलं'च होतं. ऑडिट ट्रेलमध्ये तिचं नाव आहे, वेळ आहे, सगळं आहे. 'आम्ही वाचून सोडून दिलं' हे उत्तर अधिकाऱ्याला जास्त चालेल असं तुम्हाला खरंच वाटतं?

साखळी

तुमचा दोघांचा वाद दारापाशीच चालला आहे. मला काळजी आहे ती अलर्ट आत आल्यावर त्याचं काय होतं याची. आमच्याकडे घोटाळा झाला तो अचूक वाचलेल्या, योग्य माणसाकडे गेलेल्या आणि वेळेत बंद केलेल्या अलर्टमुळे.

कार्ड पेमेंटच्या सुरक्षेचं पीसीआय डीएसएस हे मानक घ्या. आवृत्ती ४.० मार्च २०२२ मध्ये आली. जुनी ३.२.१ ही ३१ मार्च २०२४ ला निवृत्त झाली. पण नव्या अटींपैकी बऱ्याचशा ३१ मार्च २०२५ पर्यंत फक्त 'शिफारस' होत्या, त्यानंतर सक्तीच्या. पेमेंटच्या पानावर चालणाऱ्या प्रत्येक स्क्रिप्टची (छोट्या प्रोग्रामची) नोंद ठेवणं आणि तिला मंजुरी असणं, ही त्यातलीच एक. आमच्या माणसाने २०२२ मध्ये शेरा मारला, 'सध्या सक्तीचं नाही', आणि टिकीट (सॉफ्टवेअरमधली त्या कामाची नोंद) बंद केलं. शेरा शंभर टक्के बरोबर होता. पुढे तो माणूस नोकरी सोडून गेला. मुदतीला महिना उरला असताना दुसऱ्या एका टीमने सहज विचारलं म्हणून आम्हाला जाग आली. ते चार आठवडे आम्ही कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत.

सॉफ्टवेअरसाठी अलर्ट म्हणजे एक दस्तऐवज. नियम मात्र वर्षानुवर्षं चालत राहतो. मसुदा, अंतिम मजकूर, अंमलाची तारीख, मग मुदतवाढ. जंगलतोडीसंबंधीचा युरोपीय कायदा मोठ्या कंपन्यांना ३० डिसेंबर २०२४ पासून लागू व्हायचा होता; तारीख जवळ आली आणि वर्षभर पुढे ढकलली. डोरा हा बँका-वित्तसंस्थांच्या डिजिटल सुरक्षेचा युरोपीय कायदा १७ जानेवारी २०२५ पासून लागू झाला, पण त्याखालची तांत्रिक मानकं त्याआधी तुकड्यातुकड्यांनी येत राहिली. हे सगळे तुकडे एकाच फाइलला चिकटले पाहिजेत आणि ती फाइल कंपनीच्या लेखी धोरणाला, ते पाळलं जातंय हे बघणाऱ्या कंट्रोलला आणि एका जिवंत, नोकरीत असलेल्या माणसाला. हे जमत नसेल तर दहा अलर्ट येवोत की हजार, काही फरक पडत नाही.

मुदतपाळ

साखळी, हे मनापासून पटलं. 'बंद' या एकाच बटणाऐवजी 'अमुक तारखेला परत उघड' हे बटण हवं, आणि तारीख लिहिल्याशिवाय टिकीट हलूच नये. पण तुकडे एका फाइलला जोडणं हीसुद्धा गाळणीच आहे! दहाचे एक करणं मला तरी तेच काम वाटतं.

नवी_आवृत्ती

आता बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये एआय प्रत्येक अलर्टचा सारांश काढून देतो आणि लागू असण्याचा गुणांकही देतो. आम्ही आठ महिने वापरतो आहोत. लांबलचक मसुदे चार ओळींत कळतात, वाचन निम्म्यावर आलं. हा प्रश्न थोड्या दिवसांत जुना होईल असं मला वाटतं.

तळटीप

चार ओळींत नेमकी कुठली ओळ गळते ते बघा. अमेरिकेच्या एसईसीने, म्हणजे तिथल्या शेअर बाजाराच्या नियामकाने, २६ जुलै २०२३ रोजी नोंदणीकृत कंपन्यांसाठी सायबर घटना जाहीर करण्याचा नियम मंजूर केला. सारांश येतो, 'चार कामकाजाच्या दिवसांत कळवा'. कधीपासून चार? घटना घडल्यापासून नाही, ती कळल्यापासूनही नाही. ती घटना गुंतवणूकदारांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे असं कंपनीने ठरवल्यापासून. आणि हे ठरवायलाही विनाकारण उशीर करता येत नाही. उलट जीडीपीआर या युरोपच्या डेटा संरक्षण कायद्यामध्ये नियामकाला कळवायचे ७२ तास धरले जातात ते डेटाचा भंग कळल्यापासून. दोन सारांश शेजारी ठेवले की 'चार दिवस' आणि 'तीन दिवस' एवढाच फरक दिसतो. घड्याळ कुठून सुरू होतं ते दिसतच नाही, आणि सगळं काम तर त्या घड्याळावर चालतं.

सारांश वाचून कोणाकडे पाठवायचं ते ठरवा, त्याला माझी हरकत नाही. सारांश वाचून 'लागू नाही' म्हणणं मात्र मला धडधडीत चूक वाटते.

नवी_आवृत्ती

हे उदाहरण मी आमच्या टीमला दाखवणार आहे. तरी एक सांगते, एआय नसतानाही लोक शीर्षक वाचूनच ठरवत होते. सारांश निदान शीर्षकापेक्षा बरा. आमच्याकडे शेरा लिहिताना मूळ मजकुरातल्या कलमाचा क्रमांक सक्तीचा केला आहे. क्रमांक हवा म्हणजे मूळ कागद उघडावाच लागतो.

तळटीप

कलमाचा क्रमांक, उत्तम. हे आम्हीही करू.

मुदतपाळ, तुमच्या गाळणीबद्दल माझे दोन प्रश्न उरतातच. गाळून मागे पडलेलं कोण बघतं? आणि गाळणीच्या नियमांवर सही कोणाची असते? बहुतेक ठिकाणी ती सेटिंग सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्या माणसाने पहिल्या आठवड्यात केलेली असते, आणि ती पुन्हा कोणी उघडलेली नसते.

मुदतपाळ

पहिल्याचं उत्तर: गेल्या तिमाहीपर्यंत कोणीही बघत नव्हतं, हे मान्य करते. आता दर शुक्रवारी गाळलेल्यातले वीस अलर्ट यादृच्छिक उचलून आम्ही दोघी वाचतो. सात आठवड्यांत लागू असलेले दोन सापडले, आणि दोन्ही वेळा गाळणी सैल केली. न्यायालयांचा स्रोत उद्या चालू करते, तो आमच्याकडेही बंद आहे. 'श्रेम्स २'चं वाचून पोटात गोळा आला.

दुसऱ्याचं उत्तर: सही माझी. नवं उत्पादन किंवा नवा देश आला की गाळणी पुन्हा तपासायची असंही लिहून ठेवलं आहे. पण सगळं सगळ्यांसमोर आणायला मी अजूनही तयार नाही.

तळटीप

आणि मी अजूनही गाळणी लावायला तयार नाही. पण वीसच्या जागी चाळीस उचला, आणि सहा महिन्यांनी किती सापडले ते इथे नक्की लिहा. आकडा शून्यावर टिकला तर माझ्या टीमपुढे तुमची बाजू मी स्वतः मांडेन.