उत्तर: पीटीओ शाफ्टचं कव्हर काढावं का?

दादा, ग्रीस मारायला अडचण होते म्हणून पीटीओ शाफ्टचं, म्हणजे ट्रॅक्टरची ताकद मागच्या अवजाराला देणाऱ्या फिरत्या दांड्याचं, प्लास्टिक कव्हर कायमचं काढून ठेवलं, असं तुम्ही लिहिलंय. कृपा करून आजच परत बसवा. शाफ्टचे ५४० आरपीएम (मिनिटाला ५४० फेरे) म्हणजे सेकंदाला ९ फेरे. फेऱ्याला वीतभर कापड गुंडाळलं गेलं तरी एका सेकंदात साडेचार हात! क्लचपर्यंत पाय पोचायच्या आत सगळं संपतं.

आमच्या शेजारच्या द्राक्षबागेत ब्लोअर (फवारणीचं यंत्र) चालू असताना गड्याच्या सदऱ्याचं टोक शाफ्टवर गेलं. सदरा जुना, विरलेला होता, टरकन फाटला, म्हणून माणूस वाचला. खांद्यापासून कोपरापर्यंतची साल निघालेली मी डोळ्यांनी पाहिली आहे.

आणखी एक. शाफ्टच्या जोडावरचा शिअर बोल्ट (मुद्दाम कच्चा ठेवलेला बोल्ट) सारखा तुटतो म्हणून बरेच जण तिथे हाय टेन्साइल, म्हणजे जास्त मजबूत, बोल्ट ठोकतात. अहो, शिअर बोल्ट तुटण्यासाठीच असतो! दगड लागला की तो तुटतो नि गिअरबॉक्स वाचतो. शिवाय ठोकलेला हाय टेन्साइल बोल्ट लांब असला तर बाहेर डोकावतो, कपडा आधी त्यातच अडकतो. ग्रीससाठी ट्रॅक्टर बंद करा, चावी खिशात घाला, कव्हर सरकवा. पाच मिनिटांचं काम आहे.