प्रतिसाद: गाडीचे ब्रेक पॅड बदलताना डिस्कही बदलावी का?

ब्रेकचे पॅड बदलले की डिस्क (चाकाबरोबर फिरणारी चकती, ब्रेक दाबला की पॅड हिलाच आवळतात) पण बदलायचीच असं वरच्या पोस्टमध्ये लिहिलंय ते मला पटत नाही, बहुतेक डिस्कवर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो तो बघा आणि मोजून घ्या, म्हणजे नवी २२ मिमीची असेल तर साधारण २० पर्यंत चालते. फक्त मोजताना कडेला जो न घासलेला उंच काठ राहतो ना त्यावर व्हर्निअर (जाडी मोजायचं साधन) टेकवू नका, जाडी जास्त दिसते आणि आपण फसतो.

पण इथे कुणीच हबबद्दल, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाबद्दल, बोललेलं नाही. मी नाशिकच्या सातपूरला एका गॅरेजात पुढच्या दोन्ही डिस्क आणि पॅड नवे टाकले, दोन-तीन महिने मस्त, मग कसारा घाट उतरताना ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरायला लागलं. सगळे म्हणाले डिस्क वाकडी निघाली, दुसऱ्या कंपनीची घ्या. दुसऱ्या मेकॅनिकने डिस्क काढली तर आत हबवर गंजाचे पोपडे तसेच! त्यावरच नवी डिस्क बसवलेली. तेवढ्या गंजानेही डिस्क किंचित तिरकी बसते, फिरताना एकाच जागी पॅडला घासत राहते, आणि तिथली जाडी कमी-जास्त झाली की थरथर सुरू. आपल्याकडे त्र्यंबक, इगतपुरीच्या पावसात फिरणाऱ्या गाड्यांना तर गंज धरतोच. तेव्हा डिस्क बदलायची की नाही हा वाद घाला खुशाल, पण डिस्क बदलताना समोर उभं राहून हब वायर ब्रशने लख्ख घासून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे.