मदत हवी आहे: येलमधली गंगाराम तांबटांची चित्रं बघायला मिळतात का?

नमस्कार मंडळी, आई पुढच्या महिन्यात पुण्याहून आमच्याकडे न्यू जर्सीला येतेय. ती शाळेत ड्रॉइंग टीचर होती, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला ढिगाने पोरं बसवलीत तिने, त्यामुळे टाइम्स स्क्वेअरमध्ये तिला काडीचा इंटरेस्ट नाही, न्यू हेवनला येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्टला ने म्हणते. पॉल मेलनचं कलेक्शन, टर्नर, कॉन्स्टेबल, ब्लेक सगळे आहेत आणि तिकीट नाही, एवढं मला कळलंय.

पण तिचा जीव अडकलाय गंगाराम तांबटांत. सवाई माधवरावांच्या काळात पुण्यात मॅलेट म्हणून ब्रिटिश रेसिडेंट होता, त्याच्यासाठी आणि जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकारासाठी तांबट काम करायचे, वेरूळच्या लेण्यांची ड्रॉइंग्ज काढली, आणि पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडासुद्धा, १७९० सालचा! तो आता येलला आहे. "पुण्याचा गेंडा बघायला अमेरिकेत यायचं, कमाल आहे" असं म्हणत बाई आत्तापासूनच बॅग भरतायत.

भीती एवढीच की मागच्या वर्षी एका म्युझियममध्ये आमचा पोपट झालेला. चार तास ड्राइव्ह करून गेलो आणि हवी ती वॉटरकलर्स भिंतीवर नव्हतीच. उजेडाने रंग उडतात म्हणून कागदावरची कामं थोडेच दिवस लावतात, बाकी पेटीत, हे तिथे उभं राहून कळलं. मग येलला पेटीतली कामं काढून दाखवतात त्या स्टडी रूमची अपॉइंटमेंट साध्या माणसाला देतात का, की रिसर्चबिसर्च दाखवावा लागतो? आणि आईला तिथे बसून स्केच करता येईल का?

---

देतात, येलचं असायची गरज नाही. फक्त आधी ईमेल करा, आयत्या वेळी जाऊ नका. ऑनलाइन कॅटलॉगमध्ये तांबट शोधून प्रत्येक चित्राचा नंबर लिहून पाठवा, आणि मोजकीच मागवा, नाहीतर नुसती पानं उलटून होतात. स्केच चालतं पण पेन्सिलनेच, काकूंना रंगपेटी घरीच ठेवायला सांगा. ग्रँड सेंट्रलहून ट्रेनने दोनेक तास लागतात. समोरची येलची आर्ट गॅलरी पण फुकट आहे, ती इमारत आर्किटेक्ट लुई काहनचं पहिलं मोठं काम आणि हे सेंटर शेवटचं, वेळ असेल तर दोन्ही करा.

---

खूप आभार! रंगपेटीचं आईला फोनवर सांगितलं तर आधी जरा रुसली, आता पेन्सिली तासायला घेतल्यात.