प्रतिसाद: कोकणात कसला आलाय चाऱ्याचा दुष्काळ?

वर कुणीतरी लिहिलंय की गुरांना झाडपाला घालायची वेळ मराठवाड्यात येते, कोकणात एवढा पाऊस पडतो तर चाऱ्याचं काय टेन्शन. अहो, एप्रिल-मेमधे एकदा सड्यावर (कातळाच्या माळावर) येऊन बघा, कातळावरचं गवत जळून नुसती राख, आणि पावसात उलटंच, गवत ढीगभर पण आणायला जाणार कसं? जुलै 2021 ला चिपळुणात पूर आला तेव्हा आमच्याकडे वाडीत पाणी नव्हतं शिरलं पण उडवी (पेंढ्याची गंजी) खालून भिजली, पेंढ्याला बुरशी, गुरं तोंड लावेनात (आणि लावूही देऊ नये, पोट बिघडतं).

तेव्हा फणसाने तारलं. शेळ्यांना तर फणसाचा पाला म्हणजे जीव की प्राण, उंबराचे टाळेही (पाल्याच्या फांद्या) खाल्ले. गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडिया) पाल्याला मात्र म्हशीने पहिले दोन दिवस नाक मुरडलं, वास उग्र ना, मग कापून रात्रभर सुकत ठेवला आणि पेंढ्यात मिसळला तेव्हा कुठे खाऊ लागली. सुबाभूळ जपून हां, त्यात मायमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं, एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, नाहीतर केस गळतात. घाणेरी तर चुकूनही नको, विषारी आहे.

आणि झाड पूर्ण बोडकं करू नका, आमच्या शेजाऱ्यांनी केलं, ते अजून सावरलं नाही. गिरिपुष्पाच्या काठ्या पावसाच्या सुरुवातीला कुंपणाला नुसत्या खोचल्या तरी फुटतात, आम्ही गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेने लावल्यात.