मित्र गेल्यावर रडायला नातं लागत नाही
"मी काही घरचा नाही, मग इतकं का रडू येतंय?" बाइक अपघातात मित्र गमावल्यावर तुम्ही लिहिलेलं हे वाक्य वाचून राहवलं नाही. मित्र गेला की सगळे त्याच्या आईवडिलांना भेटायला जातात, ते बरोबरच आहे. पण त्याच्याशी रोज बोलणाऱ्याची कुणी साधी चौकशी करत नाही. शोकाचा अभ्यास करणारे अमेरिकन प्राध्यापक केनेथ डोका यांनी अशा बेदखल राहणाऱ्या शोकावर १९८९ मध्येच लिहिलं होतं.

माझाही जिवलग बाइकवरच गेला. मागे बसणाऱ्यासाठीचं त्याचं जादा हेल्मेट, काचेवर ओरखडा असलेलं, अजून माझ्याकडे आहे. कुणाला द्यायचा धीर होत नाही.

"त्याला थांबवायला हवं होतं" हे मनात येत राहील. त्यात तुमचा काहीच दोष नाही. जमेल तेव्हा त्याच्या आईकडे जा. घराबाहेरचा तो कसा होता, हे तिला तुम्हीच सांगू शकता.