चाकाचा गंज कुठून सुरू झाला? नाशिककर दुचाकीवाल्यांचे अनुभव

परवा मागचं चाक पुसत होतो. एका निपलच्या, म्हणजे स्पोकची तार रिमला धरून ठेवणाऱ्या छोट्या नटाच्या, बुडाशी केसाएवढी तांबूस रेघ दिसली. नखाने खरवडली, तर क्रोमचा पापुद्राच निघून आला. गाडी चार वर्षांची आहे, दर रविवारी धुतो, तरी असं का व्हावं ते कळेना. मग पंक्चरवाल्याकडे टायर उतरवला आणि उत्तर मिळालं. रिमच्या आतल्या बाजूला ट्यूबखालचा रबरी पट्टा ओलसर होता आणि त्याच्या खाली सगळा तांबडा भुगा. स्पोकच्या भोकांतून आणि व्हॉल्व्हच्या छिद्रातून पाणी आत जातं, पण बाहेर यायला त्याला वाट नसते. म्हणजे दर रविवारी मी बाहेरून चमकवत होतो आणि आत पाणी भरत होतो.

माझं इंदिरानगर ते द्वारका चौक जाणंयेणं, गाडी स्पोकची. तुमचं चाक कोणत्या रस्त्याने फिरतं, कोणत्या पाण्याने धुता, काय लावलंत आणि काय लावून पस्तावलात, ते मोकळेपणाने लिहा. अलॉयवाल्यांनीही, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची ओतीव चाकं असलेल्यांनीही लिहा, त्यांचं दुखणं वेगळं असतं.

अंबड, प्लेटिंगच्या कामातून

वीस वर्षं हेच काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. क्रोम गंजत नाही. गंजतं ते त्याच्या खालचं लोखंड. रिमवर आधी निकेलचा थर चढतो आणि त्यावर क्रोमचा. निकेल दहा-वीस मायक्रॉनच्या घरात असतं आणि चमक देणारं क्रोम जेमतेम अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉनचा, त्यावरून अंदाज करा. इतक्या पातळ थराला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतातच. पाणी तिथून झिरपत लोखंडापर्यंत पोचतं. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे तो खालून क्रोम उचलतो. धागाकर्त्या दादांच्या नखात आलेला पापुद्रा तोच.

यावरून दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, तारेच्या घासणीने किंवा पॉलिश पेपरने क्रोम कधी घासू नका. गंज निघतो, पण क्रोमही निघतं आणि पुढच्या पावसाळ्यात दुप्पट गंज येतो. सुरुवातीच्या ठिपक्यांसाठी चपात्या गुंडाळायचं अ‍ॅल्युमिनियमचं फॉइल घ्या, चुरगळून पाण्यात बुडवा आणि हलक्या हाताने घासा. अ‍ॅल्युमिनियम क्रोमपेक्षा खूप मऊ, त्यामुळे ओरखडा पडत नाही. काळपट लगदा सुटतो, तो लगेच पुसून घ्यायचा. दुसरी, घासून झालं म्हणजे काम अर्धंच झालं. उघडी पडलेली छिद्रं मेणाने बुजवायला हवीत, नाहीतर ठिपके परत येणार. गाडीच्या रंगाला लावायचं साधं मेण चालतं. बोटाला फडकं गुंडाळायचं, प्रत्येक निपलभोवती फिरवायचं, वाळू द्यायचं आणि पुसायचं. मी पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीत एकदा लावतो.

जिथे क्रोमचे पोपडे सुटलेत, तिथे मेणाचा उपयोग नाही. रिम परत प्लेटिंगला द्या नाहीतर बदला. पोपडा सुटलेली कडा टायरला आतून कापते.

पिंपळगाव बसवंत, द्राक्षबाग

आमच्या चाकांचा शत्रू पाऊस नाही, मोरचूद (तांब्याचं निळं मीठ) आहे. शहरातल्या मंडळींना माहीत नसेल म्हणून सांगतो. डावणी या द्राक्षावरच्या बुरशी रोगासाठी आम्ही बोर्डो मिश्रण फवारतो. एक टक्क्याचं करायचं तर शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. मिश्रण बरोबर झालंय की नाही ते बघायला लोखंडी विळा घासून चकचकीत करायचा आणि त्यात बुडवायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, अजून घाला. माझ्या वडिलांनी मला हे शिकवलं तेव्हा मी दहा वर्षांचा असेन.

गोडी छाटणीनंतरची, म्हणजे फळासाठी ऑक्टोबरच्या सुमारास करतात त्या छाटणीनंतरची गोष्ट. मोरचुदाची गोणी मागच्या सीटवर बांधून आणत होतो, वाटेत परतीच्या पावसाची सर आली. गोणीतून निळं पाणी मागच्या चाकावर ठिबकत राहिलं. घरी आलो, गोणी उतरवली, गाडी तशीच शेडमध्ये लावली. बाग ऐन फुटीत होती, चाकाकडे कोण बघतो. चार दिवसांनी बघितलं तर डाव्या बाजूच्या सात-आठ तारांवर तोच विळ्यावरचा तांबूस रंग. बघताक्षणी पोटात गोळा आला, कारण तो रंग मी ओळखत होतो. लोखंड विरघळलं की त्याच्या जागी तांबं बसतं. बसलेलं तांबं मग ओल मिळाली की शेजारचं लोखंड आणखी खातं. साबणाने धुतलं, घासलं, पण निपलजवळ तारा खड्डे पडून बारीक झाल्या होत्या. पुढच्या महिन्यात खड्ड्यात चाक आदळलं आणि दोन तारा तिथेच तुटल्या. गॅरेजवाल्याने आठ तारा बदलल्या आणि रिमचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढून दिला.

आता मोरचूद, युरिया, कोणतंही खत गाडीवर आणलं तर आधी पोत्याखाली जाड प्लॅस्टिक. फवारणी करून आल्यावर अंघोळीआधी चाकांवर दोन बादल्या पाणी. अलॉय असेल तर अजून जपा. अ‍ॅल्युमिनियमवर तांबं बसलं की टाचणीने टोचल्यासारखे खड्डे पडतात, ते भरून निघत नाहीत. माझ्या चुलतभावाच्या चाकावर ते आजही दिसतात.

पंचवटी

खंडेनवमीला आम्ही चाकापुढे नारळ फोडतो, हळदकुंकू लावतो. नारळाच्या पाण्यात क्षार असतात आणि ते नेमकं पुढच्या रिमवर उडतं. पूजा मनोभावे करावी आणि संध्याकाळी ओल्या फडक्याने रिम पुसून घ्यावा. दसरा झाल्यावर झेंडूचा हारही काढा, हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, गुंडाळलेल्या हाराखाली आठवडाभर ओल राहते.

गंगापूर रोड, अलॉय

माझी चूक म्हणजे मी विचारलं नाही. एका वॉशिंग सेंटरवर गाडी दिली होती. पोराने बाटलीतून काहीतरी चाकांवर मारलं, फेस आला आणि ब्रेकची काळी भुकटी झरझर वाहून गेली. मला आनंदच झाला. घरी येऊन बघतो तर काळ्या रंगाच्या चाकावर पांढुरक्या ओघळांच्या रेषा. ते अ‍ॅसिड होतं. उन्हात तापलेल्या चाकावर मारलं आणि वाळेपर्यंत तसंच ठेवलं. वरचं लॅकर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, गेलं. सहा महिन्यांत तिथे लॅकरखाली पांढरी बुरशी पसरल्यासारखं दिसायला लागलं. अ‍ॅल्युमिनियमचा गंज पांढराच असतो, त्यामुळे बरेच दिवस मला ती धूळ वाटली.

आता घरीच धुतो, सकाळी, चाकं गार असताना. आधी नुसतं पाणी, मग गाडीचा शाम्पू, जुन्या बनियनचं फडकं आणि आतल्या कोपऱ्यांना टूथब्रश. धुण्याचा सोडा आणि कपड्यांची पावडर चाकांना लावू नका, अल्कलीही अ‍ॅल्युमिनियम खाते.

घोटी

आमच्याकडे पावसाळ्यात चार महिने चाक वाळतच नाही. भातखाचरातला चिखल हबच्या मागे आणि मडगार्डखाली थापला जातो. थर वरून वाळला तरी आत ओलाच असतो, म्हणून चाक तिथूनच गंजतं. काठीने खरवडायचा, नुसत्या पाण्याने जात नाही. धुतल्यावर गाडी लगेच लावून ठेवू नका. गावात एक चक्कर मारा, हळूहळू ब्रेक लावत, म्हणजे ड्रममधलं पाणी उडतं.

जेल रोड, नाशिकरोड

हे वाचून कोणाचं तरी बोट वाचावं म्हणून लिहितेय. माझ्या धाकट्या भावाने गाडी मेन स्टँडवर घेतली, पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि चालू चाकावर फडकं धरलं. आपोआप फिरतंय, पटकन पुसून होईल, असं त्याला वाटलं. फडक्याचं टोक चेनमध्ये गेलं, पाठोपाठ हात. उजव्या तर्जनीचं पेर गेलं. तो एकोणीस वर्षांचा होता. चेन आणि मागचं चाक साफ करताना इंजिन बंद, चावी खिशात. चाक हाताने फिरवा.

सातपूर, ट्यूबलेस

मागच्या टायरमधली हवा दर तीन दिवसांनी उतरायची. पंक्चर नाही, व्हॉल्व्ह नवा. तीन ठिकाणी दाखवली, सगळे म्हणाले खिळा नाही. शेवटी एका म्हाताऱ्या पंक्चरवाल्या चाचांनी चाक आडवं ठेवलं आणि रिमच्या कडेने साबणाचं पाणी गोल ओतलं. टायर जिथे रिमला बसतो तिथे मोहरीएवढे बुडबुडे, अर्ध्या वितीभर. टायर सोडवला तर त्या पट्ट्यात पांढरी भुकटी खरखरीत जमलेली. त्यांनी ती हलक्या हाताने पूर्ण काढली, धुऊन कोरडं केलं, कडेला सीलर लावला आणि टायर चढवला. दोन वर्षं झाली, हवा टिकून आहे.

ती भुकटी कुठून सुरू झाली तेही त्यांनी दाखवलं: आधीचा टायर काढताना पटाशीने (टायर उचकटायच्या लोखंडी पट्टीने) रंग उडाला होता, तिथून. तेव्हापासून टायर बदलताना मी समोर उभा राहतो आणि पटाशीखाली प्लॅस्टिकचा तुकडा ठेवायला सांगतो.

देवळाली कॅम्प

आम्ही दोघी मैत्रिणी डिसेंबरात दापोलीला गेलो होतो. किनाऱ्यावर ओल्या वाळूत गाडी नेली, फोटो काढले. तिसऱ्या दिवशी रात्री उशिरा नाशिकला पोचलो आणि गाड्या धुतल्या आठवड्याने. तेवढ्यात स्पोक तांबडे, एक्सलचे नट तांबडे, डिस्कचे बोल्टही. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे चाक कोरडं दिसलं तरी गंजत राहतं. आता समुद्रावरून आलं की मुक्कामी पोचल्यावर आधी गोडं पाणी मागते, मग चहा. लॉजवाले बादली देतात, नाही म्हटलेलं आठवत नाही. प्रेशरची नळी मात्र हबवर धरू नका, बेअरिंगमधलं ग्रीस निघून जातं.

सिडको

पाथर्डी फाट्याकडे काँक्रीटचं काम चालू होतं तेव्हा रोज त्या ओल्या रस्त्याने जात होतो. सिमेंटचं पाणी अलॉयवर उडून वाळलं आणि खडूसारखे डाग पडले. ते पाणी जबर अल्कली असतं. त्याच दिवशी धुतलेलं चाक ठीक राहिलं, सुट्टीत गावाला गेलो तेव्हाचे डाग कायमचे राहिले. सिंहस्थासाठी शहरात बरीच कामं चालू आहेत, जपा.

म्हसरूळ

आमचं बोअरचं पाणी जड. गाडी धुऊन उन्हात ठेवली की पांढरे थेंब उमटतात. मला ते बरेच दिवस गंज वाटायचे. धुण्याआधी सावली बघायची आणि धुतल्यावर लगेच पुसायचं, एवढंच करतो.

जुनं नाशिक

माझ्याकडे वडिलांची राजदूत आहे. वडील जाऊन अकरा वर्षं झाली, पण रिम आजही तोंड दिसेल असे आहेत. त्यांच्याकडे मेण नव्हतं, शाम्पूही नव्हता. भद्रकालीच्या बाजारात जाताना चिखल उडाला की घरी आल्याबरोबर ओटीवर बसायचे, धोतराचा जुना तुकडा दोन तारांच्या मधून घालायचे आणि दोन्ही हातांनी सुतळीसारखा पुढेमागे ओढायचे. छत्तीस तारा, एकेक. आई म्हणायची, जेवण निवतंय. ते म्हणायचे, आलोच. शेवटी इंजिन ऑइलचा एक थेंब फडक्यावर घेऊन तारांवर फिरवायचे. ड्रमला तेलाचा हात लागू द्यायचे नाहीत, ब्रेक जातो म्हणून.

धागाकर्ता, पुन्हा इंदिरानगर

सगळ्यांचे मनापासून आभार. जेल रोडच्या ताई, तुमचं लिहिलेलं घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. काल टायर परत उतरवला. रिमच्या आतला भुगा घासून काढला, गंज थांबवायचं द्रावण लावलं, ते वाळल्यावर जस्ताच्या प्रायमरचे दोन हात दिले आणि रबरी पट्टा नवा टाकला. अंबडच्या दादांनी सांगितलं तसं मेण प्रत्येक निपलभोवती लावलं, दोन तास गेले. पट्टा बसवण्याआधी आत बोट फिरवून पाहिलं. कोरडं होतं. पहिला मोठा पाऊस होऊन गेला की परत उघडून बघणार आहे, तेव्हा इथे लिहितो.